डावा बूट

फुटबॉल मला कळतो तो तळाकडनं.
मॅच मी फारशा बघितल्या नाहीत.
स्टेडियममधली आरोळी मागच्या बोळात येते
तेव्हा माझ्या तोंडात खिळे असतात.

पण बूट उलटा केला की
पोरगं कसं खेळतं ते मी सांगतो.
टाच झिजली तर बॅक.
चवडा गेला तर फॉरवर्ड, आणि घाईचा.
काहीच झिजलं नाही
तर बापाची कुठंतरी ओळख आहे.

इंद्रनील साळोखेचा उजवा बूट
दर दोन महिन्यांनी माझ्याकडं.
आतली शिवण उसवलेली, पुढचे दोन स्टड गुळगुळीत.
आणि डावा? जणू आत्ताच खोक्यातनं काढलाय.
मी म्हणायचो, लेका, एकाच पायाचे पैसे दे.
अख्खी तालीम त्या उजव्या पायावर
जीव ओवाळून टाकायची.
चौदाव्या वर्षी पेठेच्या मॅचला
चौघांना चकवून त्यानं गोल मारला,
रात्री बारापर्यंत हलगी,
आणि गिरणीवाल्यानं महिनाभर
त्याच्या आईकडनं दळणाचे पैसे घेतले नाहीत.

मग पत्र आलं.
सतरा वर्षांखालचा भारताचा संघ,
त्याचं शिबिर, बेचाळीस पोरं.
बिंदू चौकात फ्लेक्स लागला.
फोटोत तो एकटा, बाकी सगळे शुभेच्छुक.

सात महिन्यांनी आला. पिशवीतनं बूट काढले.
मी उलटे केले,
चष्मा पुसला,
पुन्हा बघितले.
दोन्ही सारखे झिजले होते.
डाव्याची आतली कड पार गेलेली.

काय केलं रं तुला तिथं?

स्टुलावर बसून सांगत राहिला.
पहिले तीन आठवडे गोल मारायला बंदी.
भिंतीवर डाव्या पायानं रोज चारशेदा.
चेंडू यायच्या आधी मान वळवायची, दोनदा,
मागं कोण, मोकळं कोण.
खोलीत मिझोरामचा पोरगा, हातवाऱ्यांनी बोलायचं,
तो झोपेतपण मान वळवायचा.
बाहेरदेशी पाच-शून्यानं हरले,
तर कोच म्हणाला, आज कुठं तुम्ही
बघून खेळायला लागलात.

मला नवल वाटलं नाही.
आमच्यात कातडं कमावतात म्हणजे
पैसे नव्हे.
चुन्यात, मग हिरड्याच्या पाण्यात
दिवसच्या दिवस बुडवून ठेवायचं.
घाई केली की वरून चकाकतं,
आणि पहिल्याच पावसात फुगतं.

शिवणीचे किती झाले, विचारता विचारता म्हणाला,
शेवटच्या तेवीस जणांत नाव नव्हतं.
मी दोरा तोडला. किती झाले ते सांगितलं.
कमी सांगितले असते तर त्याला कळलं असतं.

फ्लेक्स आधीच कुणीतरी उतरवला होता,
आता तो कुणाच्यातरी जळणावर झाकलाय.

त्या रविवारी मी दुकान बंद करून गेलो.
चेंडू त्याच्याकडं आला. मान वळली, एकदा, दोनदा.
समोर दोघंच. अख्खी गॅलरी उभी,
मार की रं, मार!
त्यानं डाव्या पायानं पलीकडं सरकवला,
जिथं कुणीच नव्हतं.
चेंडू रेषेबाहेर गेला.
माझ्या शेजारचा म्हणाला,
चांगलं पोरगं बिघडवून पाठवलं.

मला मात्र ती मोकळी जागा दिसत राहिली.
तिथं कुणीतरी पळत यायला हवं होतं.
पळणारा अजून
तिथं पोचायला शिकला नव्हता, एवढंच.

संध्याकाळी आता तो तालमीमागच्या भिंतीशी
बारक्या पोरांना घेऊन उभा असतो.
ठप्प, ठप्प, कंटाळवाणा आवाज.
बघायला कुणी थांबत नाही.

या महिन्यात तीन डावे बूट आलेत.
एक तर एवढा लहान की
माझी मूठ आत जाईना.
आता पैसे दोन्ही पायांचे घेतो.